रिअली

मिरजेत सतारमेकर गल्लीत, जिन्याच्या बारा पायऱ्या चढून
आमचा इंग्रजीचा वर्ग. सहा ते सात.
मग मला रात्रपाळी.
खाली एक म्हातारा तंबोरा मांडीवर घेऊन बसलेला असतो,
तारेखाली सुताचा दोरा सारतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा सारतो.
त्या दोऱ्याला जीव म्हणतात,
हे मला त्यानंच सांगितलं.

एस्तेर घाटगे मॅडमनी फळ्यावर लिहिलं: रिअली.
म्हणाल्या, हा एकटा काही करत नाही,
पुढच्या शब्दाला मागून जोर देतो.
टायर्ड. रिअली टायर्ड.
इरफान शिकलगारला दुबईची घाई.
तो उठून म्हणाला, आय ॲम रिअली ड्रायव्हर.
आम्ही हसलो.
तो म्हणाला, मग काय खोटं हाय का?

मी वहीच्या मागच्या पानावर भलतीच यादी करत होते.
काळं कुट्ट. पिवळं धमक. आंबट ढाण.
कडू जहर. कोरडं ठाक. नवं कोरं.
आमच्यात ज्याला त्याला त्याचा जोडीदार
लग्न लावून दिलेला;
पिवळ्याचा धमक उचलून कडूच्या घरी नांदवता येत नाही.
आणि इथं एकच रिअली,
आमच्या वॉर्डातल्या एकुलत्या व्हीलचेअरसारखा,
ज्याला लागेल त्याच्या कॉटकडं ढकलायचा.

यादीत एक जागा मोकळी राहिली.
बऱ्याला जोडीदार सापडेना.
नुसता च लावून बघितला, तर बरंच झालं,
म्हणजे पुष्कळ,
आणि बरं होतं ते कुठल्या कुठं गेलं.

रात्री अकराला, तीन नंबरच्या कॉटवर,
बेडगचे आण्णासो मगदूम, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस.
कसं वाटतंय, आण्णा?
"बरं हाय, सिस्टर. खरंच बरं हाय.
लई म्हंजे लईच बरं हाय, आईशप्पत."

एका बऱ्याला एवढे टेकू.
सात वर्षांच्या नोकरीत एवढं कळलंय,
टेकू दिसला की आधी भिंतीला हात लावून बघायचा.
चादर बाजूला केली.
ड्रेसिंग ओलंचिंब
(ही जोडी न बोलावता आली),
नाडी एकशेतीस, ओठ पांढरेफटक.
फोनवर म्हटलं, सर, तीन नंबर बरा नाही.
खरंच लावलं नाही, लई लावलं नाही,
रिअली तर आठवलंसुद्धा नाही.
चप्पल उलटसुलट घालून डॉक्टर पळत आले.

अकराव्या दिवशी आण्णा घरी निघाले.
पोरानं पिशवी उचलली, सुनेनं थर्मास.
मी सवयीनं विचारलं.
त्यांनी जरा विचार केला, धोतराचा सोगा झटकला,
"बरं हाय," म्हणाले.
पुढं काही येईल म्हणून मी थांबले.
आलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, वाक्य करा,
प्रत्येकी तीन, रिअली घालून.
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जिन्यात जाऊन बोलल्या.
दार लोटलेलं, तरी आवाज आत येत होता:
"नाही रे बाळा, खरंच ठीक आहे मी.
अगदी ठीक. अरे, खरंच."
इरफाननं माझ्याकडं बघितलं.
त्याला वाक्य सुचत नव्हतं,
मला तिन्ही सुचली होती, ती लिहाविशी वाटेनात.

मॅडम आत आल्या. डस्टर घेतलं.
फळ्याचा डावा कोपरा पुसत राहिल्या,
जिथं आज कुणी काही लिहिलंच नव्हतं.

मी वही मिटली.
म्हटलं, मॅडम, खाली चहा घेऊ या का?
त्या फळ्याकडंच तोंड करून म्हणाल्या,
इंग्लिशमध्ये विचार.
मी विचारलं. चुकलं बहुतेक, त्यांनी दुरुस्त केलं नाही.
खाली म्हाताऱ्यानं जीव केसभर पुढं सारला
आणि तार छेडली.